कारिटाच्या वेलीत हात घालण्याआधी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दसरा तोंडावर आला की आपल्या दैनिकाची पानं सणांनी भरून जातात. चकली कुरकुरीत कशी करावी, आकाशकंदिलाला कुठला कागद लावावा, मुलांनी कुठला किल्ला बांधावा. मी ते सगळं वाचते, आणि आवडीने वाचते. पण मी देवगड तालुक्यातली निवृत्त परिचारिका आहे. नोकरी सगळी प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि ग्रामीण रुग्णालयांत झाली. दसऱ्यापासून तुळशीच्या लग्नापर्यंतचे दिवस आमच्याकडे कसे जायचे ते त्या पानांत कधी येत नाही, म्हणून हे पत्र. लांबलंय, कापायचं असेल तर कापा, पण सापाचा आणि भरतीचा भाग तेवढा ठेवा.

कोकणातले हे सण घरात बसून करायचे नव्हेत. त्यांचं सामान सगळं बाहेर असतं. दसऱ्याला किंवा नव्याच्या पुनवेला दारावर ‘नवं’ बांधायचं तर भाताची लोंबी, नाचणीचं कणीस, वरी, कुर्डूचं फूल, आंब्याचं पान हे सगळं कुणीतरी जाऊन आणावं लागतं. कुर्डू उगवतो शेताच्या मेरेवर, म्हणजे बांधावर. मेर उंदरांनी पोखरलेली असते, आणि भात पिकलं की उंदीर वाढतात, उंदरांमागे घोणस येते. आपट्याची पानं, चार दिवसांनी कोजागरी, मग नरकचतुर्दशीला पायाखाली फोडायचं कारीट हे कडू रानफळ, पाडव्याला शेणाचा गोठा आणि त्यात कारिटाला काड्यांचे पाय लावून केलेली गुरं, तुळशीच्या लग्नाला चिंच, आवळा, दिंडा. एकेक वस्तू रानातली नाहीतर कुंपणातली. नेमका हाच काळ भातकापणीचा, आणि पाऊस माघारी जाताना दुपारी गडगडणारा.

पूर्वी या वस्तू आणायला मुलं एकटी जात नसत असं नाही, जायचीच. पण ती बारा महिने इथली असायची. माझ्या सासूबाईंचा एकच नियम होता: "आधी काठी मार, मगे हात घाल." कारीट काढायला निघालेल्या पोराच्या हातात त्या आधी काठी द्यायच्या, मग पिशवी. वेल काठीने हलवायची, खाली आपटायची, जरा थांबायचं. कुणी कारण विचारलं तर रागवायच्या. आता तीच मुलं, म्हणजे त्यांची नातवंडं-पतवंडं, मुंबईहून कोकणकन्येने पहाटे उतरतात, चार दिवसांत सगळं करायचं असतं, आणि कारीट कसं फोडायचं ते मोबाइलवर बघून आलेली असतात. डाव्या पायाच्या अंगठ्याखाली फोडायचं, ‘गोविंदा’ म्हणायचं, जिभेला कडू लावायचं, सगळं पाठ. काठीचं मात्र त्या व्हिडिओत नसतं. रीत पोचली, तिच्याबरोबर चालणारी जपणूक वाटेत राहिली, असं मला गेली काही वर्षं दिसतंय.

कारिटाचा वेल आमच्याकडे बहुधा गडग्यावर चढलेला असतो. रचलेल्या चिऱ्याधोंड्यांचा गडगा, मध्ये चुना नाही, सिमेंट नाही, नुसत्या फटी. त्या फटींत फुरसं हा विषारी साप राहतो. फुरसं ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते: वीत-दीड वीत, मोठं झालं तर दोन फुटांच्या आतबाहेर, मातकट तपकिरी, अंगावर फिकट नक्षी, डोक्यावर बाणासारखी खूण. सड्यावरच्या वाळल्या गवतात ते डोळ्यांसमोर असून दिसत नाही. डिवचलं की वेटोळं करून अंगावरचे खरखरीत खवले एकमेकांवर घासतं, त्याचा करवत चालल्यासारखा आवाज येतो. तो ऐकू आला तर नशीब. आमच्या जुन्या रत्नागिरी जिल्ह्यात फुरशांचा एवढा सुळसुळाट होता की इंग्रज सरकार फुरसं मारायला बक्षीस देत असे. बक्षिसाने फुरशी संपली नाहीत. ती संपवायची गरजही नाही, आपला हात कुठे घालायचा एवढं कळलं की पुरे.

फुरशाचा दंश फसवा असतो. साप लहान, जखम टाचणी टोचल्याएवढी, थोडी सूज. घरचे म्हणतात, "बारकं होतं, काय होत नाय." एका दिवाळीत, पहिल्या आंघोळीच्या आदल्या संध्याकाळी, मुंबईहून आलेल्या एका मुलाला त्याचा काका मोटारसायकलवर मध्ये बसवून घेऊन आला. वय दहा-अकरा. कारीट काढताना मधल्या बोटाला चावलं होतं. मनगटाला सुतळी इतकी आवळलेली की पंजा निळा पडत आला होता. मुलगा बोलत होता, हसत होता, त्यामुळे काकांना वाटलं एक इंजेक्शन घेऊन फटाके उडवायला परत जाऊ. डॉक्टरांनी त्याचं थोडं रक्त काचेच्या कोऱ्या नळीत काढलं. ही नळी साबणाने धुतलेली चालत नाही, नवी आणि कोरडीच लागते, नाहीतर तपासणी चुकते. नळी टेबलावर उभी करायची आणि वीस मिनिटं तिला कुणी हात लावायचा नाही. निरोगी माणसाचं रक्त तेवढ्यात खरवसासारखं घट्ट बसतं, नळी आडवी केली तरी हलत नाही. काका घड्याळाकडे बघत होते, मी नळीकडे. वीस मिनिटांनी नळी कलती केली आणि रक्त पाण्यासारखं काठापर्यंत धावलं. हिरड्यांतूनही रक्त दिसायला लागलं होतं, ते तोवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्याला प्रतिसर्पविषाच्या दहा कुप्या सलाइनमधून दिल्या. दर सहा तासांनी नळीची तीच तपासणी पुन्हा करायची असते, तशी रात्रभर चालली. दुसऱ्या दिवशी दुपारी रक्त गोठलं. गावात नरकासुर जळून गेला होता, पोहे खाऊन झाले होते. मुलाची आई त्याच्यासाठी डब्यात गूळ-खोबऱ्याचे गोडे पोहे घेऊन आली, ते त्याने खाटेवर बसून खाल्ले.

घरी राहिला असता तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लघवीतून रक्त, मग मूत्रपिंडं, नाहीतर मेंदूत रक्तस्राव. तेही आम्ही पाहिलं आहे. त्यावर इथे लिहीत नाही.

साप चावला तर काय करायचं हे मी इतक्या वेळा सांगितलंय की झोपेतही सांगेन. माणसाला बसवा, धीर द्या. अंगठी, बांगड्या, घड्याळ, पैंजण लगेच काढा, कारण सूज आली की ते निघत नाहीत. चावलेला हात-पाय फळीला नाहीतर दुमडलेल्या पेपरला हलका बांधून स्थिर ठेवा, पायाला चावला असेल तर चालवू नका, उचलून न्या. दोरी आवळायची नाही. ब्लेड लावायचं नाही, तोंडाने ओढायचं नाही, पाला नाही, बर्फ नाही, कोंबडी लावणं तर नाहीच नाही. चावल्याची वेळ लक्षात ठेवा. साप मारून आणायची गरज नाही. आपल्याकडे मिळणारं प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालतं. साप पकडायच्या नादात दुसऱ्याला दंश झालेला मी पाहिला आहे. १०८ ला फोन करा, आणि रस्ता आडवळणाचा असेल तर गाडी येईपर्यंत वाट न बघता वाटेत गाठ पडेल असं ठरवा. देवाला गाऱ्हाणं घालायचं असेल तर घाला, मीही घालते. एकाने देवळात जावं, बाकीच्यांनी रुग्णालयात.

किल्ल्यांचं थोडं वेगळं आहे. किल्ला घाटावरचा, असं आमच्या पिढीत काही जण म्हणायचे. आता कोकणातही वाडी-वाडीत किल्ले होतात, स्पर्धा होतात. विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग ज्यांच्या दारात आहेत त्या मुलांनी मातीचे किल्ले करावेत यात मला आनंदच आहे. पण किल्ल्याला धोंडे लागतात, आणि पावसाळाभर पडून राहिलेल्या धोंड्याखाली विंचू असतो. लाल विंचवाचा डंख लहान मुलाला जीवघेणा ठरू शकतो. डंख झालेलं मूल नुसतं दुखतंय म्हणून रडत असेल तर एक गोष्ट. पण घामाने चिंब झालं, हातपाय गार पडले, उलट्या झाल्या, तोंडातून लाळ गळायला लागली, तर तो दंश हृदयापर्यंत पोचला असं समजावं आणि धावावं. एके काळी अशी मुलं फुप्फुसात पाणी होऊन डोळ्यांदेखत जायची. रायगड जिल्ह्यात बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात आणि पुढे महाडला काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी यावर चालते हे दाखवून दिलं, ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकात त्यांचं काम छापून आलं, २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. कोकणातल्या एका खेड्यातल्या दवाखान्यातून जगाला औषध मिळालं याचा आम्हा आरोग्य खात्यातल्या माणसांना केवढा अभिमान आहे! पण गोळी वेळेत पोटात जायला मूल वेळेत दवाखान्यात यावं लागतं. धोंडा उचलायचा तर पहारीने नाहीतर काठीने आपल्याकडे कलता करून उघडावा, म्हणजे खाली जे असेल ते पलीकडे निघून जातं. आपल्या बाजूची कड उचलून पलीकडे उलटवू नये, नाहीतर ते आपल्या पायाकडे येतं. हे वडीलधाऱ्याने एकदा उभं राहून दाखवलं की झालं.

रात्रीचंही सांगते. सणाला घर भरतं, माणसं पडवीत, माजघरात, जागा मिळेल तिथे चटई टाकून झोपतात. मजा असते ती. गप्पा, कुजबुज, कुणाच्या तरी घोरण्यावर हसणं. मण्यार, आमच्याकडे तिला कांडर म्हणतात, रात्रीच फिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. दंश बऱ्याचदा कळतही नाही. पहाटे पोटात कळ येते, घसा धरतो, डोळ्यांच्या पापण्या उचलत नाहीत; लोकांना वाटतं काल फराळ जास्त झाला. सणाच्या सकाळी कुणाच्या पापण्या मिटत असतील आणि गिळवत नसेल तर लिंबू-सरबत देत बसू नका. हा दंश टाळायचा उपाय कपाटात पडून असतो: मच्छरदाणी. चटईवर गादी, गादीभोवती मच्छरदाणी आणि तिच्या कडा चारी बाजूंनी गादीखाली खोचलेल्या. नुसती टांगलेली नव्हे, खोचलेली. डासही जातात आणि कांडरही आत येत नाही. रात्री उठायचं झालं तर बॅटरी उशाशी हवी. मोबाइलचा उजेड चालतो, पण तो पायाखाली पाडायचा, तोंडासमोर नाही.

पहिल्या आंघोळीचं आता दुखणं बदललं आहे. आमच्या लहानपणी न्हाणीत चुलीवर हंडा तापायचा, अंधारात घाईघाईत पोरं उकळत्या पाण्याच्या जवळ जायची, भाजायची. तेव्हाची सूचना एवढीच की आधी थंड पाणी बादलीत, मग गरम. आता नवी घरं झाली, न्हाणीघर आतल्या खोलीत गेलं आणि भिंतीवर गॅसचा गिझर आला. नरकचतुर्दशीला दहा माणसं एकामागून एक आंघोळीला जातात, थंडी वाजते म्हणून झरोका बंद, दार बंद, गिझर सारखा चालू. त्यातून कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, गरगरतं आणि माणूस खाली बसतो तो उठत नाही. पहाटे उपाशीपोटी चक्कर आली असं म्हणून लोक सोडून देतात. गॅसचा गिझर न्हाणीघराबाहेर बसवलेला असावा, आत असेल तर झरोका उघडा ठेवावा, आणि दोन आंघोळींच्या मध्ये गिझर बंद करून दार उघडावं. उटण्याचा वास जरा बाहेर गेला तर जाऊ द्या. आतून कडी लावू नका, हे मुलांना आणि म्हाताऱ्यांना विशेष.

चाकरमान्यांची मुलं हल्ली भातकापणीला हौसेने उतरतात, कोयती हातात घेऊन फोटो काढतात. उतरू द्या! शेत पाहिलेलं नसलेलं मूल आणि शेतात चिखलाने माखलेलं मूल यात मी दुसऱ्याच्या बाजूने आहे. फक्त अनवाणी नको. मळ्यात पाणी साचलेलं असतं, त्यात उंदरांचं, गुरांचं मूत मिसळतं, आणि पायाला भेग किंवा ओरखडा असला की लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा, जंतू आत शिरतो. ताप, अंग मोडून येणं, पोटऱ्या दाबल्या तर कळ, डोळे लाल. ताप यायला कधी दोन दिवस लागतात, कधी तीन-चार आठवडे. म्हणजे माणूस तोवर परळ-डोंबिवलीला परत गेलेला असतो आणि तिथला डॉक्टर डेंग्यू शोधत बसतो. म्हणून जाणाऱ्या प्रत्येकाला स्टँडवर पोचवताना चकलीच्या डब्याबरोबर हे वाक्य द्या: "म्हयन्याभरात ताप इलो तर डॉक्टराक सांग, मी भातात उतरलेलंय." सुरुवातीलाच कळलं तर हा आजार साध्या, स्वस्त औषधाने बरा होतो. रोज चिखलात राबणाऱ्यांना आरोग्य खातं डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या देतं. त्या आशाताईंना विचारून घ्याव्यात, मनाने नव्हे, कारण गरोदर बाईला आणि लहान मुलांना त्या चालत नाहीत.

विजेबद्दल थोडक्यात. ऑक्टोबरात सकाळी कडक ऊन, दुपारी तीन-चारला ढग. कापलेलं भात भिजेल म्हणून सगळं घर मळ्यात धावतं, आणि वीज त्याच वेळी पडते. पहिला गडगडाट ऐकला की भात तिथेच टाकून पक्क्या घरात यायचं. माडाखाली नाही, आंब्याखाली नाही, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान-संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ हे मोबाइल ॲप आसपास वीज पडण्याचा इशारा देतं, नातवंडांकडून घालून घ्या. भिजलेलं भात वाळवता येतं. आणि नाही वाळलं तरी २०१९ ला ऐन दिवाळीत ‘क्यार’ वादळाच्या पावसाने शेतातल्या भाताला उभे कोंब आले तेव्हाही आपण त्या वर्षीची दिवाळी केलीच.

आता समुद्र. यावर आपल्या दैनिकाने मनावर घ्यावं असं मला फार वाटतं.

कोजागरी म्हणजे पौर्णिमा, लक्ष्मीपूजन म्हणजे अमावास्या. दोन्ही उधाणाचे दिवस. आमच्या किनाऱ्यावर पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी आणि मध्यरात्रीच्या सुमाराला पुरी भरते, ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी. हे किनाऱ्यावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बाहेरून आलेल्याला नसतं, आणि त्यात त्याची चूक नाही. तो कोजागरीला संध्याकाळी सहा-सातला वाळूवर येतो, समुद्र लांब गेलेला, वाळू रुंद आणि घट्ट. तो खाली ओल्या वाळूच्या जवळ चटई टाकतो, गाडी असेल तर तीही खाली आणतो. दूध आटवायचा टोप, पत्ते, गाणी. पाणी जवळ येतंय हे चंद्राच्या उजेडात कळत नाही, कारण ते हळूहळू येतं आणि लाटेचा आवाज आधीपासून असतोच. आठ-नऊच्या सुमाराला ते वेगाने चढतं आणि मध्यरात्री दूध प्यायच्या वेळी चटईखाली पाणी असतं. मग चपला, मुलं, टोप गोळा करायची एकच धांदल, आणि त्या धांदलीत एखादं मूल मागे राहिलं तर? वाळूत रुतलेल्या गाड्या ट्रॅक्टर लावून ओढताना आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत, हसलोही आहोत. खडकाळ ठिकाणी ते हसण्यावारी जात नाही. कुणकेश्वरासारख्या जागी, जिथे लाट देवळाच्या पायरीशी येते, तिथे ओहोटीत फोटो काढायला खडकावर गेलेला माणूस भरतीत मागे येऊ शकत नाही.

बरं, पावसाळ्यानंतर किनारा तोच राहत नाही. पावसाळ्यातल्या लाटा वाळू ओढून नेतात, नवे खड्डे, नवे ओहोळ पडतात. गेल्या मे महिन्यात जिथे गुडघाभर पाणी होतं तिथे दिवाळीत गळाभर असू शकतं. मागे ओढणाऱ्या पाण्यात सापडलात तर किनाऱ्याकडे सरळ पोहू नका, दमाल. किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला निघा आणि मग आत या. आणि उतरण्याआधी तिथल्या रापणवाल्याला, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्या मच्छीमाराला, किंवा जाळं विणत बसलेल्या म्हाताऱ्याला विचारा. तो "नको" म्हणाला तर वाद घालू नका. दर्यात उतरणारी माणसं या महिन्यांना फार मान देतात. २००९ च्या नोव्हेंबरात ‘फयान’ वादळाने काय केलं ते किनाऱ्यावरच्या घरांनी विसरलेलं नाही.

फटाक्यांवर दरवर्षी लिहिलं जातं, तेच पुन्हा लिहीत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली रात्री आठ ते दहा अशी वेळ घालून दिली, ती आमच्या वाडीत कुणी पाळत नाही आणि तुमच्या शहरातही नसावी. कोकणापुरत्या दोन गोष्टी. दिवाळीपर्यंत बरंचसं भात झोडून झालेलं असतं आणि खळ्याच्या कडेला पेंढ्याची उडवी रचलेली असते. बाण हा खळ्यात लावायचा फटाका नाही. एक ठिणगी आणि गुरांची वर्षाची वैरण गेली, शेजारी गोठा असेल तर गुरंही. दुसरी गोष्ट नवीन आहे. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात पाइपच्या ‘कार्बाइड गन’ने कित्येक मुलांचे डोळे जायबंदी झाले, काहींची दृष्टी गेली. कॅल्शियम कार्बाइडवर पाणी पडलं की ॲसिटिलीन वायू होतो, तो पेटला की स्फोट. आवाज उशिरा झाला म्हणून मूल पाइपमध्ये डोकावतं आणि त्याच वेळी तो उडतो. हे इथे लिहायचं कारण असं की कार्बाइड आपल्याला परकं नाही. आंबा पिकवायला ते वापरण्यावर बंदी आहे, तरी कुठल्या कोपऱ्यात पुडी पडलेली असते ते बागायतदारांच्या घरातल्यांना विचारायला नको. ती पुडी दिवाळीआधी शोधून मुलांच्या हातून लांब करा. हापूसलाही बरंच.

भाजलं तर नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. घड्याळ लावून वीस. टूथपेस्ट, हळद, खोबरेल, शाई, बर्फ यांतलं काही नको. आम्हाला ते आधी खरवडून काढावं लागतं आणि मूल दुसऱ्यांदा रडतं. डोळ्यात काही गेलं तर चोळू नका. कार्बाइड किंवा चुना असेल तर भरपूर पाण्याने धूत धूतच रुग्णालय गाठा.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, बाई, मग सण करायचे की नाही? करायचे! मी स्वतः सून, मुलगा, नातवंडं आल्यावर पाच तऱ्हेचे पोहे करते: गोडे, तिखट, दुधातले, ताकातले, बटाट्याचे, आणि वर काळ्या वाटाण्याची उसळ. पोहे घरच्या भाताचे नसले तरी गावच्या भाताचेच असतात, पांढरेशुभ्र नव्हे, जरा लालसर. नातू कारीट फोडतो, तोंड वाकडं करतो, आणि मग तुळशीपुढे सगळ्यांना कडू चाखायला लावतो, मला सुद्धा. कारीट आणायला तो आणि त्याचे आजोबा दोघं जातात. आजोबांना हल्ली वाकवत नाही, तेव्हा ते काठी मारतात आणि नातू काढतो. यात आजोबांची दिवाळीही साजरी होते, हे त्या व्हिडिओवाल्यांना सांगून कळायचं नाही.

आपल्याकडे माझं मागणं दोनच गोष्टींचं आहे. एक, किल्ले स्पर्धा आपलं दैनिक भरवतं, इतर मंडळंही भरवतात. त्यांच्या नियमांत ‘दगड-माती गोळा करताना घरातलं एक मोठं माणूस बरोबर हवं’ अशी ओळ घाला. गुण त्याला ठेवलेत तर आईबाप आपोआप येतील. दुसरं, कोजागरी, लक्ष्मीपूजन आणि भाऊबीज या दिवशीच्या अंकात पहिल्या पानावर, मुहूर्ताच्या शेजारी, आपल्या जिल्ह्याच्या किनाऱ्याची भरती-ओहोटीची वेळ छापा आणि खाली १०८ छापा. लक्ष्मीपूजनाचा मुहूर्त मिनिटासकट छापता, तसंच हेही. दोन ओळींची जागा लागेल. दागिन्यांच्या जाहिरातीतून तेवढी सुटू शकते.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका,
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग